भाटकाराची खुर्ची आणि मी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण पुढे मी सांगणार आहे तो माझ्या अकलेचा पंचनामा आहे, आणि तो सांगताना मध्ये कोणी हसलं की माझी लिंक तुटते.

आमचं घर सर्वणला, तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या दारी दगडी सोपा आहे. त्या सोप्यावर बसलं की तिन्ही रस्ते दिसतात. डिचोलीहून कोण आलं, कोणाच्या पिशवीत काय आहे, कोणाची सून माहेराहून किती दिवसांनी परतली, सगळं. जाणाऱ्या-येणाऱ्याला मी विचारतेच, "खंय गेल्लो रे?", कुठे गेला होतास? लोक म्हणतात शेवंतीकाकीला चौकशा फार. आता देवानं डोळे पुढे दिले आणि सोपा रस्त्याकडे तोंड करून दिला, त्यात माझा काय दोष?

तर त्या वर्षी भर आषाढात मी विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि कंबर धरली. डिचोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, दगडावर बसायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. बसायचं तर पाठीला टेकण आणि हाताला आधार असलेल्या खुर्चीवर. आमच्या घरात खुर्ची म्हणजे एक लोखंडी घडीची, तिच्यावर बसलं की ती आपल्यालाच घडीत घेते. म्हणजे माझा सोपा गेला. दीड महिना मी खिडकीजवळच्या खाटेवर आडवी. खिडकीतून दिसतं काय, तर फक्त शेजारच्या गुणाजीचं अंगण. सगळी चौकशी त्या एका अंगणावर आली. मग जे व्हायचं तेच झालं.

गुणाजी मूळचा सिंधुदुर्गातला. खाणीवर ट्रक चालवायला आला, एक ट्रंक आणि नवी बायको घेऊन. बायको मंगल, पोर गुणाची. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तर ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. आता तिसरी खेप होती, सातवा लागला होता. सगळ्या वाड्याचा जीव तिच्या पोटात अडकलेला, आणि माझा सर्वांत जास्त. हे लक्षात ठेवा. मी पुढे जे केलं ते चेष्टेनं केलं नाही.

श्रावणात एका संध्याकाळी गुणाजीच्या दारात टेंपो थांबला. ताडपत्री बाजूला केली, तर खुर्ची. काळ्या शिसवीची, उंच पाठीची, हात असे रुंद की त्यावर चहाचा कप आणि बशी वेगवेगळी ठेवावी. गुणाजीनं इकडेतिकडे बघितलं आणि ती पटकन अंगणाच्या कडेच्या मांगरात, सामान ठेवायच्या खोपटात, नेऊन वर गोणपाट टाकलं.

आता सांगा, चांगली वस्तू माणूस लपवून नेतो का?

टेंपोवाला आमच्याकडे पाणी प्यायला आला. त्याला मी खाटेवरूनच पकडलं. तो म्हणाला, पलीकडच्या गावातल्या भाटकाराचं, त्या बड्या जमीनदाराचं, जुनं घर उपसतात, त्यातली ही.

माझ्या हातातला तांब्या खाली आला. भाटकाराची खुर्ची! ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. भाटकार त्याच खुर्चीत बसून मेला, गणेशचवथीच्या दोन दिवस आधी. नंतर त्याचा भाऊ बसला, तो गेला. जावई बसला, त्याची दृष्टी गेली. रिकामी असली तरी तिन्हीसांजेला ती करकरते, कोणीतरी टेकल्यासारखी.

मी लक्ष ठेवायला लागले. रोज संध्याकाळी गुणाजी कामावरून येई, तेलाची वाटी आणि फडकं घेऊन मांगरात शिरे, आणि अर्ध्या तासानं तेलकट हातांनी बाहेर येई. दिवा-तेल घालून खुर्चीला पुजतो की काय हा? आणि एकदा वारा पडलेला असताना मी कानांनी ऐकलं, मांगरातून आवाज आला. करर्र. मग टक.

पुंडलिक मास्तरांना बोलावणं पाठवलं. मास्तर निवृत्त झाले तरी शिकवायचे थांबलेले नाहीत. ते म्हणाले, "शेवंती, भाटकार वारला तेव्हा ब्याण्णव वर्षांचा होता. खुर्चीत मेला म्हणून खुर्ची वाईट, तर मग खाटेवर किती जण मेले? तू ज्या खाटेवर पडली आहेस, त्यावर तुझी सासू गेली. जाळायची का?"

मी जरा बाजूला सरकले, पण म्हटलं, ती करकरते त्याचं काय?

"नवा वेत विणला असेल. वेत भिजवून विणतात, वाळताना ताणतो आणि वाजतो. यात भूत कुठे आलं?"

मास्तरांचं बरोबरच असतं. पण ग्रहणात भूगोल समजावणारे हेच मास्तर घरी ग्रहण सुटेपर्यंत उपाशी असतात, कारण मास्तरीणबाई वाढत नाहीत. मी काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगल भाजी घेऊन आली. मी आडून आडून विचारलं, मांगरात काय ठेवलंय गो? ती लाजली. म्हणाली, काकी, तेवढं विचारू नका, यांनी शपथ घातलीय. मग जाता जाता दारात थांबून म्हणते, "काल मी जरा टेकून बघितलं. कितक्या बरा वाटला! पण ती माझी नव्हे. ज्या माणसाची आसा, ता माणूस चवथीक येवन बसतला."

माझ्या पाठीतून जे गेलं ते कंबरेचं दुखणं नव्हतं. सातव्या महिन्यातली पोर त्या खुर्चीत टेकली, आणि वर सांगते माणूस चवथीला येणार!

त्या दिवसापासून जो भेटायला आला त्याला मी सावध केलं. सकाळी दूधवाल्याला सांगितलं तेव्हा खुर्चीवर तीन बळी होते. दुपारी पोदेर पाव घेऊन आला तेव्हा पाच झाले. संध्याकाळपर्यंत भाटकाराचं अख्खं कूळ मी त्या खुर्चीत बसवून मारलं.

सोमवारी गुणाजी पहिल्या पाळीला गेला आणि मंगल तपासणीला डिचोलीला. मी ठरवलं, आज.

आमचे हे कुळागरातून, सुपारीच्या बागेतून, येत होते. मी म्हटलं, मांगरातली खुर्ची उचला आणि तिठ्यावर नेऊन ठेवा, गावचा रक्षक देव राखणदार, त्याच्या हवाली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. बाधा झालेली वस्तू तिठ्यावर सोडायची, राखणदाराला जाड भाकरीचा रोट, नारळ, विडी द्यायची, गाऱ्हाणं घालायचं आणि मागे न बघता यायचं. सोडलेल्या वस्तूला मग कोणी शिवत नाही.

हे म्हणाले, "अगो, आयक मातशें..."

मी म्हटलं, आयकायला वेळ नाही, मंगल दुपारी येईल.

मांगरात हे पुन्हा म्हणाले, "पूण ती खुर्ची..."

मी म्हटलं, तिचं नाव तोंडानं घेऊ नका.

खुर्ची डोक्यावर घेतल्यावर तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर मी त्यात पानाचा विडा घातला. शुभकामाला निघताना तोंड रिकामं नसावं. मग ते गुपचूप चालू लागले.

तिठ्यावर वडाखाली खुर्ची ठेवली. तिच्या हातावर अबोलीच्या फुलांचा वळेसर, पुढ्यात रोट, नारळ, उदबत्ती. मी काठी टेकून उभी राहिले आणि गाऱ्हाणं घातलं, बा राखणदारा, ही इडापिडा तुझ्या पायाशी घे आणि त्या पोरीचं बाळ सुखरूप हातात दे. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मागे न बघता घरी आले आणि दीड महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपले.

उठवलं ते गुणाजीनं. दारात उभा, चेहरा उतरलेला. म्हणाला, मांगरातली खुर्ची कोणी नेली बघितलंत का? तुम्हाला सगळं दिसतं म्हणून विचारायला आलो.

मी अभिमानानं सांगितलं. रोटासकट.

तो मटकन सोप्यावर बसला. मग म्हणाला, "काकी, ती तुमच्यासाठीच आणललंय."

मला वाटलं मी अजून झोपेतच आहे.

"डॉक्टरान तुमका खुर्ची सांगितल्यान ना? डिचोलीत सुतार मेस्ताकडसून वेत विणून घेतलंय. रोज तेल लावून पुसतंय. चवथीच्या दिवशी तुमका सोप्यार बसवूची होती." मग मान खाली घालून म्हणाला, "मंगल पडलली तेव्हा महिनोभर तुमी पेज भरवलात. आता दीड महिनो झालो, कामावरसून येतंय तर 'खंय गेल्लय रे' म्हणान इचारूक कोण नाय. घराक इल्यासारख्या वाटणा नाय."

मी यांच्याकडे बघितलं. हे विडा चघळत उभे होते. तुम्हाला माहीत होतं?

"गुणाजीन सांगिल्लें, काकीक सोडून कोणाकय सांग. आनी तुका सांगूंक गेलों, तर तूं तोंडांत पान घालता."

आता उपाय एकच, खुर्ची परत आणायची. पण गुणाजी हात लावायला तयार नाही. म्हणाला, भाटकाराक मी घाबरणा नाय, पण राखणदाराक दिलला परत घेवचा तर जेणा दिला तेणाच मागूक होया. आणि मंगलचे दिवस असे. त्याचंही खरं होतं. मग निघाली वरात. पुढे मी काठी टेकत, मागे हे, त्यांच्यामागे बोलावून आणलेले पुंडलिक मास्तर, आणि चार हात लांबून गुणाजी. मास्तर म्हणाले, माझा विश्वास नाही म्हणूनच मी उचलीन. पण वडाखाली आल्यावर चपला मात्र त्यांनी सगळ्यांच्या आधी काढल्या.

मी गाऱ्हाणं घातलं. बा राखणदारा, चूक झाली, दिलेलं परत मागते, पदरात घे. आणि नमस्काराला वाकले.

वाकले ती वाकलेलीच राहिले. कंबरेत जी कळ आली, की वर होता येईना, खाली होता येईना. अंबाडा सुटला, केस तोंडावर. हे एका बाजूनं, मास्तर दुसऱ्या बाजूनं. आजूबाजूला टेकायला दुसरं काहीच नाही. शेवटी दोघांनी मला उचललं आणि त्याच खुर्चीत ठेवलं.

आणि काय सांगू, ती पाठ अशी बसली माझ्या पाठीला, जशी मापं घेऊन केलेली. कळ गेली. मी डोळे मिटले आणि आपसूक तोंडातून 'हुश्श' आलं.

नेमकी त्याच क्षणी वळणावरून डिचोलीची बस आली.

बसमधल्यांनी काय बघितलं? वडाखाली भाटकाराची खुर्ची, जिच्याबद्दल मीच गावभर सांगितलेलं. तिच्यात केस मोकळे सोडलेली बाई, हाताशी अबोली, पायाशी रोट, वर उदबत्तीचा धूर. ड्रायव्हरनं बस जागच्या जागी थांबवली. कोणी उतरेना. उतरली एकटी मंगल. मला बघून ती आधी घाबरली, मग तिला सगळं कळलं आणि अशी हसायला लागली, की पोट धरून वडाला टेकली. माझी घाबरगुंडी, मी ओरडले, "हसू नको गो, सातवा चालू आहे." बसमधल्यांनी ते ऐकलं, सातवा बळी समजले आणि खिडक्या ओढून घेतल्या.

मला उठता येत नव्हतं. म्हणून गुणाजी, मास्तर आणि हे, तिघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि पालखीसारखं घरी आणलं. आता गुणाजीची हरकत नव्हती. म्हणाला, मी खुर्ची उचलूक नाय, काकीक उचललंय.

दिवाळीनंतर मंगलला मुलगी झाली, गोरी, धट्टीकट्टी. राखणदाराला मी न चुकता रोट देते. आज ती पोर माझ्या खुर्चीच्या हातावर घोडा करून बसते, आणि ती बसली की मला वाटतं, कंबर मोडली ती काही फुकट नाही गेली. कुठून कुठून ट्रंक घेऊन आलेली माणसं, आणि माझ्यासाठी लपवून खुर्चीला तेल लावत बसली. एवढं कोण करतं हो?

पण पुढचं ऐका. परवा डिचोलीच्या बाजारात बांगडे घेत होते. कोळीण ओळखीची नव्हती. म्हणाली, सर्वणची काय बाय तू? मग सांभाळून जा. तिथे तिठ्यावर एक बाई आहे, भाटकाराच्या खुर्चीतली. खुर्ची आपोआप चालते. आणि ती बाई येणाऱ्या-जाणाऱ्या दर एकाला विचारते, "खंय गेल्लो रे?"

मी विचारलं, दिसायला कशी?

"जाडी, पन्नाशीची. तुज्यासारकीच गो. पूण तूं बरी, तूं मनीस."

मी बांगड्यांचा भावसुद्धा केला नाही.

मास्तर अजून सांगतात, भूत असं काही नसतं. मी वाद घालत नाही, कसा घालणार? संध्याकाळी सोप्यावर खुर्चीत बसलेली असते, परगावचा कोणी तिठ्यावरून मान खाली घालून जाताना दिसतो, आणि जिभेची सवय काही जात नाही. मी विचारते, "खंय गेल्लो रे?"

तो जो पळतो, की कुठे गेला होता ते मला कळायचं राहूनच जातं.