नवऱ्याच्या गळ्याची शपथ

नवरा हिमालयात ट्रेकला गेला आणि इकडे अमेरिकेत, हर्नडनमध्ये माझ्या जिवाला घोर लागला. ग्रुपबरोबर अनुभवी गाइड होता, सगळी व्यवस्था चोख होती, पण घोर लागायचा तो लागलाच. वर्षभर हा माणूस पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन ऑफिसचे जिने चढत होता. "बेस कॅम्प गाठल्याशिवाय परत येणार नाही," म्हणायचा. मी म्हणायचे, "पन्नाशीत हे काय खूळ घेतलंयस डोक्यात?"

आमची सकाळ झाली की त्याचा लॉजवरून फोन यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ. त्या दिवशी मी चहा करत होते, फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवलेला. आवाज ओढल्यासारखा वाटला.

"काय रे, बरं नाही का?"

"डोकं जाम दुखतंय. उलटीपण झाली. होईल कमी."

"गाइडला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? तो रोज प्रत्येकाला विचारतो, डोकं दुखतंय का. हो म्हटलं की लगेच खाली पाठवतो. इतक्या जवळ आलोय गं! तू कुणाला काही सांगायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

आणि फोन कट.

मी डेटाबेस सांभाळणारी बाई, शपथबिपथ काही मानत नाही. पण नवरा तिकडे आजारी, आणि शपथ त्याच्याच गळ्याची! मोडली आणि त्याला खरंच काही झालं तर? नाही मोडली आणि झालं तर? ऑफिसची मीटिंग लागली होती, तिथे कॅमेरा बंद करून बसले. इंटरनेटवर वाचलं, एवढ्या उंचीवर असलं दुखणं अंगावर काढलं तर माणूस झोपेतच जाऊ शकतो. गाइडचा नंबर फ्रिजवर लावलेला होता. फोन उचलला, ठेवला, परत उचलला, परत ठेवला. त्याचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

लेक टेबलाशी सीरियल खात सगळं ऐकत होती. ती इथलीच जन्मलेली. गळ्याची शपथ म्हणजे काय, ते तिला समजावता समजावता मला रडूच फुटलं.

"ओके, सो यू कान्ट टेल," ती म्हणाली. "बट बाबानं मला कुठे शपथ घातलीय?"

बाउल बाजूला सारून तिनं नंबर लावला. मी तिला अडवलं नाही.

गाइडनं सकाळची वाट पाहिली नाही. टॉर्च लावून, हाताला धरून त्याला खालच्या गावात आणलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला.

"कुणी सांगितलं?"

"लेकीनं. मी नाही हं."

म्हटलं, आता तोंडाचा पट्टा सुरू होणार.

"बरं केलं तिनं," तो हळूच म्हणाला. "त्या संध्याकाळी मला बुटाची नाडी बांधता येत नव्हती गं. बोटं ऐकतच नव्हती. ते तर मी तुलाही सांगितलं नव्हतं."

"आधी घरी ये," म्हटलं, "मग बघतेच तुझ्याकडे."