फेटा हुकला तो दिवस

गॅसवर हुलगे शिजायला लागले की मला रहिमतपूरच्या माळावरची घोड्यांची शर्यत आठवते. हिवाळा होता. आमच्या घोडीच्या तोंडाला हुलग्यांचाच वास यायचा.

लढाईवरून आल्यापासून गप्प असलेले आबा त्या दिवशी तिच्यावर बसले होते, आणि मधेच पडले. बाकीचे घोडे पुढे गेले. आमची घोडी लष्करातली, स्वार पडला की थांबायला शिकलेली. ती मागे फिरून आबांना हुंगू लागली.

बक्षिसाचा फेटा गेला म्हणून मी रडले. आई धावली, "आवं, लागलं का?"

आबा धुळीत बसून हसत होते. "न्हाई गं. हिला वाटतंय, लढाई अजून चाललीया."

मग घोडीची मान थोपटत म्हणाले, "संपली बाई लढाई. चल, घरला जाऊ."

आबा खरे परतले ते त्या दिवशी.