मोडेमचं गाऱ्हाणं

जवळ सरक गो बाय. मस्कतात बसून जितकं सरकता येईल तितकं सरक, कारण आज तुला रागवायचं आहे. परवा कॅमेऱ्यासमोर भावोजींनी ब्रॉडबँडच्या नव्या डबीला हात जोडून गाऱ्हाणं घातलं, तर तू खिदळलीस. माझे धाकटे दीर ते, तुझ्या आईचे काका. शिरोड्यापासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर इंटरनेटला माणसात आणणारा असा दुसरा माणूस झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि तू हसतेस?

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे हो. आपल्याकडे होडी पाण्यात लोटायची असो की घरात पाळणा बांधायचा असो, एकाने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ते गाऱ्हाणं. भावोजींचा जन्म गेला जहाजाच्या इंजिनात. घरी परतले ते कॉम्प्युटर घेऊनच. मुंबईहून येताना बसमध्ये खिडकीची जागा त्याला दिली आणि स्वतः रात्रभर कडेला बसून आले. घरात पाऊल टाकल्याबरोबर माझं मऊ लुगडं मागितलं. “वैनी, ह्येका थंडी न्हय, खारो वारो बाधता.” तेव्हापासून त्या यंत्राने माझ्यापेक्षा जास्त लुगडी नेसली. ढग नुसता गुरगुरला की माणसं अंगणातली सुकत घातलेली मासळी उचलायला धावतात. भावोजी टेलिफोनची वायर उपटायला धावायचे. आधी आपली, मग शेजाऱ्यांची. भिजत दारात उभे राहून ओरडायचे, “पयली वायर काढा, मगे माका च्या द्या!”

मोडेम आलं आणि त्यांना जणू जुनं इंजिन परत मिळालं. ते किंचाळायला लागलं की कान लावून बसत आणि आज लाइन लागणार की नाही ते सांगत. पण बटण दाबण्याआधी गाऱ्हाणं ठरलेलं. मी चुलीजवळून, हातात कालथा धरून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. न म्हणून सांगते कुणाला? लाइन नाही लागली तर खापर माझ्यावर.

साऱ्या वाडीचे सल्लागार तेच. मासे विकणाऱ्या शेजारणीला मुलाच्या कॉम्प्युटरवर लॉटरी लागल्याचं पत्र आलं, ती पेढे घेऊनच आली. भावोजींनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “तिकीट खंय काढललंस?”

“तिकीट खंय काढलंय मी!”

“मगे ही लॉटरी न्हय गो, मासे धरूची गरी आसा. जन्मभर मासे विकलंस, आता तूच गरीक लागतलंस?”

पासवर्डाचंही तसंच. “झिलाचा नाव ठेव नको,” ते तिला म्हणाले, “आणि रागान तेका जी हाक मारतंस ती तर नकोच. ती पलीकडच्या वाडीतसुद्धा ऐकाक जाता.”

आता तुझं ऐक. तुझं बारसं ठरलं मस्कतात आणि माझा पाय प्लास्टरमध्ये. या घरातल्या प्रत्येक लेकराचं नाव गाऱ्हाणं घातल्यावरच ठेवलंय. त्याशिवायचं पहिलं मूल तू होणार, म्हणून मला जेवण जाईना. भावोजी म्हणाले, “वैनी, बारसां तुझ्या डोळ्यांसमोर करतंय.” ओसरी माणसांनी भरली. आधी कॅमेरा लागला, पाळणा दिसला, तुझी आई दिसली, आणि तिचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजलं. आवाजही येईना. भावोजींनी वायर हलवली, फुंकर मारली, यंत्राला थोपटलं. काही नाही. मी पदर डोळ्यांना लावला. तो त्यांनी पाहिला, वायर सोडली, उठून उभे राहिले आणि त्या थिजलेल्या चित्रासमोर हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! ही वायर आज माझा ऐकणा नाय, तू तरी ऐक. लेकरू दर्यापलीकडे जन्माक इलां, तरी तां तुझ्याच गावचां. तेका आपलां म्हण, तेची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ओसरीने असा आवाज दिला की फडताळातल्या बश्या वाजल्या. तेवढ्यात लाइन तुटली आणि थोड्या वेळाने टेलिफोन वाजला. तुझी आई, रडतेय की हसतेय कळेना. “आई, तुमचो आवाज सगळो येय होतो गो! आमचोच तुमका पोचणा नव्हतो. हंय सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलां आणि मगेच नाव ठेवलां.”

भावोजींना सांगितलं, तर मान ताठ. “माइक माझो बरो आसा, तां मी पयलांच म्हटललंय.” मग यंत्रावरच्या लुगड्याच्या टोकाने कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

असा माणूस हा, बाय. आता घरोघरी डबी आली, सल्ला विचारायला ओसरीवर कुणी येत नाही. ते गाऱ्हाणं घालतात आणि ‘व्हय म्हाराजा’ला मी एकटी, मलाही मध्येच ठसका लागतो. परवा तू हसलीस त्याचं त्यांना काही वाटलं नाही. यंत्र बंद करून तुझ्याबद्दल एवढंच विचारलं, “वैनी, चेडवाक आवाज बरो गेलो ना?”

गेला म्हटलं मी. पण गाऱ्हाण्याला देव एक पुरतो, साथीला माणसं लागतात. मे महिन्यात आईला घेऊन ये. त्यांच्या मागे या ओसरीवर उभी राहा आणि एकदा तुझ्या आवाजात म्हण.