अठरा चित्रांची दुरुस्ती

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांना कोणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं कोणालाच आठवत नाही. सगळे त्यांना दशांशराव म्हणत. बाटलीतलं पाणी पिण्याजोगं आहे का, एवढंच विचारलं तरी दशांश चिन्हापुढचे तीन आकडे सांगितल्याशिवाय ते समोरच्याला सोडत नसत. घरीही तीच तऱ्हा. पाहुण्यांना चहात साखर किती चमचे हे विचारून त्यांचं भागत नसे, चमचा सपाट की शिगोशीग हेही विचारत. पाहुणे बिनसाखरेचा चहा पिऊन सुटका करून घेत.

अशा माणसाची बायको शाळेत चित्रकला शिकवत होती, हा नशिबाचा थट्टेखोरपणाच म्हणायचा. अख्खी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून आपणही बाईच म्हणू. चोवीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या मुलांचे हत्ती आणि डोंगर सुधारले आणि उरल्या वेळात स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून स्वतःची चित्रं काढली. ती कपाटावर, पलंगाखाली आणि धान्याच्या डब्यांमागे साठत गेली.

आता दशांशरावांना कलेतलं काही कळत नव्हतं असं कोणी समजू नये. त्यांना चित्रं मनापासून आवडत, फक्त त्यांची आवड आपल्या वाटेनं जाई. चित्र सुकायला ठेवलं की ते भिंग घेऊन समोर उभे राहत.

"हा पांढरा रंग जस्ताचा," ते म्हणत. "आणि तो टायटॅनियमचा. किती गुण्यागोविंदानं बसलेत बघ शेजारी शेजारी!"

"आवडलं म्हणायचं का मग?" बाई विचारत.

"अगं, तेच तर सांगतोय."

बाईंना सवय झाली होती. खिडकीतल्या ग्लासभर पाण्याचं चित्र त्यांनी काढलं, तेव्हा नवऱ्यानं पाच मिनिटं निरखून पाहिलं आणि "गढूळपणा दीड-दोन एकक असावा, पण चालेल" असा दाखला दिला होता. बाईंनी ते कौतुक समजून ठेवून घेतलं.

दशांशरावांचं दुसरं प्रेम होतं मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे असे प्रोग्रॅम, ज्यांचं झाकण उघडून आतलं यंत्र कोणीही पाहावं, हवं तर बदलावं आणि पुढच्याला द्यावं. हा विषय निघाला की ते आवरत नसत, आणि निघाला नाही तर स्वतःच काढत. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात यंत्र घातलेलं असतानाही त्यांनी हातवारे करून तो काढला होता.

"फुकट मिळतं ना ते?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"फुकट हा त्याचा सगळ्यात किरकोळ गुण आहे," दशांशराव चूळ भरून म्हणाले. त्या दिवसापासून डॉक्टर त्यांना गुंगीचं इंजेक्शन अंमळ लवकरच देऊ लागले.

बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे दशांशरावांचा मेहुणा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. एकदा तो पेनड्राइव्ह घेऊन आला. "भाऊजी, चित्रांसाठीचा तो महागडा प्रोग्रॅम आहे यात. कुलूप तोडलेला. अख्खं जग हेच वापरतं."

"अख्खं जग न गाळलेलं पाणीही पितं," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी तो पेनड्राइव्ह चिमट्यात धरून परत केला.

त्यांनी स्वतःही एक प्रोग्रॅम लिहिला होता. काचेच्या बशीत पाण्याचा थेंब पसरून ठेवला की दोन दिवसांनी जंतूंचे गोल ठिपके उगवतात. त्या बशीचा फोटो घेऊन ठिपके मोजायचं काम हा प्रोग्रॅम करी. मोजण्याआधी तो फोटो नीट करून घेई: पिवळट उजेड काढून पांढरं ते पांढरं करी, तिरकी रेघ सरळ करी आणि बारीक कण धूळ समजून पुसून टाकी. जगात अकरा प्रयोगशाळा तो वापरत होत्या आणि दशांशरावांना त्याचा पोटच्या पोरासारखा अभिमान होता. मध्यंतरी कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका शास्त्रज्ञानं त्यात बदल केला आणि काय बदललं हे न सांगता पुढे वाटला. दशांशरावांनी त्याला तीन पानी पत्र धाडलं. 'आपण बदल केलात याचे दुःख नाही. तो आपला हक्कच आहे. परंतु काय बदलले, कोणी बदलले आणि मूळ कोठे आहे, हे न लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत औषध टाकून पाटी न लावणे होय.' त्या बिचाऱ्यानं चार वेळा माफी मागितली.

तर अशा या घरात बाईंचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं. गावातल्या वाचनालयाचा हॉल, अठरा चित्रं, सोमवारी सकाळी दहा वाजता उद्घाटन. बाईंनी ते कोणाच्या भिडेखातर मान्य केलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि आपल्याला जग कसं दिसतं ते एकदा तरी चार लोकांनी पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी बोलूनही दाखवली होती, आणि बाई सहसा असलं काही बोलून दाखवत नसत.

दशांशरावांना वाटलं, आयुष्यात एकदा बायकोच्या कामात आपला हात लागावा. "पुस्तिका मी करतो," ते म्हणाले. "अठरा फोटो, खाली नावं. सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर."

"तुम्हाला जमेल ना?"

"म्हणजे काय! माझा प्रोग्रॅम आहे की."

बाई चित्रांना चौकटी बसवण्यात गुंतल्या होत्या, म्हणून त्या वाक्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. तिथंच घात झाला.

दशांशरावांनी एकेक चित्राचा फोटो काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड पिवळट, तिपाई जरा कलती, फोटोत धुळीचे कण. हे सगळं नीट करायला हाताशी तयार औषध होतं. त्यांनी अठरा फोटो आपल्या प्रोग्रॅममधून काढले आणि निकाल बघून त्यांचा जीव सुखावला. पांढरं कसं पांढरंशुभ्र, रेघा कशा ओळंब्यानं लावल्यासारख्या! तिसऱ्या पानावर, फळांच्या टोपलीच्या चित्राखाली, प्रोग्रॅमनं आपण होऊन 'एकूण ६२' असा आकडाही टाकला होता. वाचकांची सोय म्हणून तो त्यांनी तसाच ठेवला. छापखानेवाल्यानं दोनशे प्रती छापल्या.

शनिवारी संध्याकाळी गठ्ठा घरी आला. बाईंनी पदराला हात पुसून पुस्तिका उघडली. मेहुणाही आला होता, तो त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागला.

"ताई, ही दुपार कुठली?" त्यानं दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "तू तर संध्याकाळ काढली होतीस."

बाईंनी पान उलटलं. चौथ्या चित्रातलं आकाश साफ मोकळं होतं. सहाव्यातली जुनी घरं एकमेकांच्या आधारानं कलायची, ती आता कवायतीला उभी केल्यासारखी ताठ झाली होती. मेहुण्याला हसू फुटलं. तिसरं पान पाहून तर तो खुर्चीवरच बसला. "बासष्ट! भाऊजी, ती द्राक्षंसुद्धा मोजली तुम्ही?"

"मी नाही, प्रोग्रॅमनं," दशांशराव म्हणाले. "आणि बासष्टच आहेत. मी पडताळून पाहिलंय."

मग त्यांचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या बाईंना कसं सांभाळायचं ते त्यांना चोवीस वर्षांत ठाऊक झालं होतं. पण बाईंनी पुस्तिका मिटली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला माझी चित्रं अशी दिसतात?"

"अगं, मी फक्त दोष काढले..."

"ते दोष नव्हते हो. तेवढंच तर माझं होतं त्यात." त्या उठल्या. "एका घरात राहून तुम्हाला ती अशी दिसत असतील, तर परक्यांना बोलावून काय दाखवायचं? वाचनालयात सांगून टाका, प्रदर्शन नाही होणार म्हणून."

मेहुण्याचं हसू मावळलं. तो चप्पल घालून हळूच सटकला. दशांशरावांनी छापखानेवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला की यंत्र सोमवारी दुपारपर्यंत लग्नपत्रिकांमध्ये अडकलंय, आणि शिवाय छपाई इतकी स्वच्छ आली असताना तक्रार कसली.

दशांशराव गठ्ठ्यापाशी बसून राहिले. माफी मागावी तर कशाची, हेच नेमकं कळेना, आणि नेमकं कळल्याशिवाय माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुस्तिका ते पुन्हा पुन्हा चाळत होते. शेवटच्या पानावर त्यांनीच मोठ्या हौसेनं छापलं होतं, 'फोटो दुरुस्ती: मुक्त सॉफ्टवेअर.' पण काय दुरुस्त केलं? कोणी? मूळ कसं होतं? एक अक्षर नव्हतं. त्या दूरदेशीच्या शास्त्रज्ञाला आपण काय काय सुनावलं होतं ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं, आणि त्यांचे कान तापले. त्याचा गुन्हा होता एका प्रोग्रॅमपुरता. यांनी तो अठरा वेळा केला होता, आणि तोही सख्ख्या बायकोच्या कामावर.

त्यांनी वाचनालयात फोन केला, पण प्रदर्शन रद्द झाल्याचं सांगायला नाही. रविवारी सकाळी ग्रंथपालांनी कुरकुरत हॉल उघडून दिला. आधीच तिथं पोचवलेली चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं ठेवली होती. दशांशराव वही, भिंग, पट्टी आणि पुस्तिका घेऊन पहिल्या चित्रासमोर जमिनीवर बसले. मूळ एका बाजूला, पुस्तिकेतलं पान दुसऱ्या बाजूला. काय गेलं ते शोधायचं आणि लिहायचं. जमण्यासारखं काम होतं हे, आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

पण एकेका चित्राला अर्धा अर्धा तास लागू लागला. गेलेली वस्तू शोधायची म्हणजे असलेली सगळी पाहावी लागते, आणि इतकं पाहायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. दुपारी ग्रंथपाल डोकावले, तेव्हा ते नवव्या चित्रासमोर, त्या ग्लासभर पाण्यासमोर, पालथे पडले होते.

"बरं वाटत नाहीये का?" ग्रंथपालांनी घाबरून विचारलं.

"पाणी पाहतोय," दशांशराव म्हणाले. ग्रंथपालांनी दार लोटून घेतलं.

संध्याकाळी ते घरी आले आणि त्यांनी बाईंसमोर एक कागद ठेवला. "हे प्रत्येक पुस्तिकेत घालतो. तू आधी वाच. पटलं नाही तर मी स्वतः वाचनालयात जाऊन नाही म्हणून सांगतो."

वर मथळा होता, 'बदलांची नोंद.' बाईंनी सवयीनं लाल पेन हातात घेतलं.

'चित्र २: यातील पिवळा उजेड चित्रकर्तीचा होता. तो खालील सही करणाराने काढला. चित्रात संध्याकाळ आहे. पुस्तिकेत दुपारचे साधारण सव्वाबारा वाजले आहेत.

'चित्र ३: फळांचा आकडा कोणी विचारला नव्हता.

'चित्र ४: आकाशातील अकरा ठिपके धूळ समजून पुसले. ते पक्षी होते.'

"बारा," बाई म्हणाल्या. "एक झाडाआड अर्धा आहे."

दशांशरावांनी मान खाली घातली आणि आकडा बदलला.

'चित्र ६: घरे मुळात चार ते सात अंशांनी कललेली आहेत. सरळ केल्यावर ती एकमेकांना ओळखत नाहीत असे वाटते.'

इथं बाईंचं पेन थोडं थांबलं, पण त्यांनी खूण काही केली नाही. मग त्या पुढे वाचत गेल्या, आणि मध्येच त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. 'चित्र ८: मांजराच्या मिशा धूळ नव्हत्या. क्षमस्व.'

मग चित्र नववं आलं. नोंद दोनच ओळींची होती, आणि तिच्यात एकही आकडा नव्हता.

'चित्र ९: येथे काय गेले ते मला सांगता येत नाही. पण गेले आहे. कृपया भिंतीवरचे पाहावे.'

बाईंनी ती दोनदा वाचली. "हे मोजलं नाहीत?"

"मोजलं गं. तीन वेळा मोजलं. उजेड मोजला, रंग मोजले." दशांशराव म्हणाले. "तीस वर्षं पाणी बघतोय मी. त्या ग्लासात काहीतरी आहे, आणि माझ्या पानावरच्या ग्लासात ते नाही. पण ते काय आहे, हे काही केल्या मला सांगता येईना."

बाईंनी कागद खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मलाही नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर काढलं ते."

मग त्यांनी लाल पेनला टोपण लावलं आणि पुस्तिकांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. "दोनशे चिठ्ठ्या घरच्या प्रिंटरवर छापून घडी घालायच्यात ना? मग बसा. दहाला हॉल उघडायचाय."