गिऱ्हाइकासाठी काढलेला रंगीचा फोटो

मंडळी, ताप आल्यामुळे तीन दिवस घरातच आहे. खिडकीशी खाट, मोबाईलवर सिनेमे आणि उशाशी कॅमेरा.

आज सकाळी सिनेमा रंगात आला होता, तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या अण्णांची हाक आली. त्यांना त्यांची म्हैस, रंगी, उद्या घोडेगावच्या बाजारात विकायची होती. तिला धुऊन, शिंगांना तेल लावून उभी केली होती. "सर, हिचा एक झ्याक फोटो काढा. गिऱ्हाइकाला आधीच पाठवतो."

सिनेमात हिरॉईन पहिल्यांदा दिसली, तेव्हा ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. मी रंगीलाही तसंच उभं करायला लावलं आणि खाटेवरूनच फोटो काढून अण्णांना पाठवला.

अण्णा बघतच राहिले. "आमची रंगी इतकी देखणी हाय व्हय?" मग तिला परत दावणीला बांधलं. "न्हाई इकायची!"

संध्याकाळी अण्णांची बायको, आमच्या काकू, माझ्यासाठी रंगीचं हळद घातलेलं दूध घेऊन आल्या, पण तोंड फुगलेलं. अण्णांचा मोबाईल उघडला की आता समोरच रंगी दिसते. "तीस वर्सं संसार केला, माझा फोटो कदी लावला न्हाई!"

उद्या काकूंचा फोटो काढणार, ऊन पाठीमागूनच घेऊन.

तोवर खरं सांगा, तुमच्या मोबाईलवर समोर कोण आहे? घरचं माणूस, की म्हैस?