पाठवणीची गाडी

गावाची शीव ओलांडली की गफूरचाचा गाडी कडेला घ्यायचे, खाली उतरायचे आणि चारही टायर बघायचे. एकेका टायरवर हात ठेवायचे, वाकायचे, मान हलवायचे, मग सावकाश पुढच्या टायरकडे जायचे. टायरला काही झालेलं नसायचं. मागे नुकतीच आईच्या गळ्यातून सुटून आलेली नवरी बसलेली असायची. तिला नाक पुसायला, घोटभर पाणी प्यायला, जरा माणसात यायला वेळ मिळावा म्हणून हे सगळं नाटक. नवरदेवालाही ते खाली बोलवायचे, ‘जावईबापू, हितं या जरा, हवा कमी वाटतीया का बघा’ म्हणून. बिचारा नवरदेव शेरवानी सावरत टायरकडे बघत उभा राहायचा आणि आत नवरी पाठराखणीच्या खांद्यावर पोटभर रडून घ्यायची.

पिरंगुटला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं माहेर. आमच्या आणि चाचांच्या घरात एकच भिंत. चाचींनी कांदा फोडणीला टाकला की आमच्याकडे ठसका लागायचा, इतकं जवळ. चाचांची पांढरी लांब गाडी एरवी दवाखान्याच्या नाहीतर बँकेच्या भाड्याला जायची, पण लग्नसराईत ती पाठवणीची गाडी व्हायची. पौडपासून भूगावपर्यंत कोणाच्या घरी मुलीचं लग्न ठरलं की कार्यालय, आचारी आणि गफूरचाचा, ही तीन नावं आधी धरली जायची. त्या दिवशी ते अत्तर लावायचे नाहीत, कारण उपाशी नवरीला त्या वासानं मळमळतं. मागच्या सीटवर कोरा नॅपकिन आणि खडीसाखरेची पुडी ठेवलेली असायची. आणि नवरदेवानं मोबाइल काढला की पुढून आवाज यायचा, ‘फोन खिशात ठेवा. तिनं आत्ताच घर सोडलंय, तिच्याकडं बघा.’

मला सासरी त्यांनीच नेलं. पिरंगुट ते भूगाव अंतर ते केवढं! माझं रडं अजून सुरातही लागलं नव्हतं. चाचांनी फाट्यावर गाडी भूगावला न नेता उलटी पौडच्या दिशेनं घातली. मागून वऱ्हाडाच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, दिरांचे फोन सुरू झाले. चाचा शांतपणे म्हणाले, डिझेल भरायचंय, पौडचा पंप चांगला. डिझेल टाकी भरून होतं, हे मला काट्यावर दिसत होतं. मी रडता रडता हसले, आणि आमच्या ह्यांनी मला हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तिथं. माझ्या सासूबाई अजून म्हणतात, सून घरी यायच्या आधीच निम्मा तालुका फिरून आली.

असा माणूस. गेल्या थंडीत गेला. त्याच्यावर दारूचा आळ आला होता, आणि तो त्यानं निमूट घेतला होता. ती हकिगत सांगायची म्हणून तर मी लिहायला बसले.

झालं असं की चाचांचा जावई इरफान यानं भूगावात गाड्यांच्या सजावटीचं दुकान काढलं. सीटकव्हर, दिवे, म्युझिक, आणि मुख्य म्हणजे मोठ्या चकचकीत रिमा आणि रुंद टायर. पोरगा कष्टाळू, सरळ. दुकानाचं पहिलं काम म्हणून त्यानं सासऱ्याची गाडी नेली आणि चारही चाकं बदलून दिली. रुंद, बुटके टायर, मधे चांदीसारख्या रिमा. गल्लीतली पोरं फोटो काढायला आली. चाचा गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, ‘नवरीपेक्षा गाडीच नटली की रं.’ इरफानचा चेहरा असा फुलला होता! चाची आतून मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि गाडीची दृष्ट काढली.

त्यानंतरचं पहिलं लग्न माझ्या मामेबहिणीचं, कल्पनाचं. सासर कासारसाई. पाठराखीण मी. पिरंगुटमधून निघालो आणि पौड रस्त्याला लागलो. तिथं कारखान्यांच्या मालट्रकांनी डांबर दाबून दोन लांब चाकोऱ्या पाडल्यात. गाडी त्या चाकोरीत शिरली आणि तिच्या मनाप्रमाणे चालायला लागली. उजवीकडे ओढली, चाचांनी आवरली, की डावीकडे. स्टेअरिंग धरलेल्या हातांच्या शिरा मला मागून दिसत होत्या. शीव ओलांडल्यावर चाचांनी गाडी थांबवली आणि टायर बघितले. या वेळी मात्र ते खरोखरच बघत होते. कपाळावर घाम होता.

मागच्या जीपमध्ये नवरदेवाचे चुलते होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. मेंढरं, शेती आणि घरातला शब्द, सगळं त्यांच्या हातात. मागून त्यांनी काय पाहिलं? पुढची गाडी झोकांड्या खातेय, मधेच ड्रायव्हर उतरतोय, चाकाला धरून उभा राहतोय. कासारसाईला पोचलो तशी माप ओलांडायच्या आधीच, मांडवात शंभर माणसांसमोर, आबा गरजले, ‘ह्यो ड्रायव्हर पिऊन आलाय. आमची सून ह्याच्या गाडीत बसिवली कुणी?’

माझं तोंड मुळात फाटकं. मी पुढे झाले आणि म्हटलं, चाचांनी आयुष्यात थेंबाला हात लावलेला नाही. पण कल्पनानं माझा पदर ओढला. पहिल्याच दिवशी दोन घरांत तंटा नको, असं तिचे डोळे म्हणत होते. आणि तेवढ्यात चाचाच म्हणाले, ‘प्यालो न्हाई, आबा. हात म्हातारं झालं आता. माफी करा.’ झालं, संपला विषय. पिणारे सगळे असंच म्हणतात, असं कोणीतरी मागे पुटपुटलं.

अशी गोष्ट पायांनी जात नाही, तिला पंख असतात. आठवडाभरात भूगावपर्यंत पोचली. कोणी तोंडावर बोललं नाही. लोक इतकंच सांगायचे की मुलाच्या मित्राची मोठी गाडी मिळालीय, या वेळी राहू दे चाचा. ऐन लग्नसराईत ती पांढरी गाडी गल्लीत उभी. चाची भिंतीपलीकडून माझ्या आईला म्हणाल्या, ते जेवायला बसतात पण जेवत नाहीत.

चाचा मात्र गाडीच्या मागे लागले. आधी हवा बरोबर केली. मग चाकांच्या जोडातले रबरी बुश बदलले, कारण रबर झिजलं होतं. मग चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे एंड, मग चाकं सरळ रेषेत आणायचं अलाइनमेंट. प्रत्येक कामानंतर गाडी पौड रस्त्यावर नेऊन चाकोरीत घालायची, आणि परत यायचं. थोडा फरक पडायचा, पूर्ण नाही. अलाइनमेंटवाला शेवटी वैतागून म्हणाला, चाचा, सगळं बदललंत, टायर तेवढे का ठेवलेत? रुंद आणि ताठ टायर चाकोरी सोडत नाही, जुन्या मापाचे घाला. चाचांनी त्याला चहा पाजला आणि गाडी तशीच घरी आणली.

मी माहेरी गेले होते. ओट्यावर गाठून सरळ विचारलं. म्हटलं, टायर काढायला काय होतंय तुम्हाला? आणि हात म्हातारे झाले हे खोटं कशाला बोललात?

चाचांनी इकडंतिकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, ‘पोरी, टायर वाईट म्हटलं की दुकान वाईट झालं. नवं दुकान हाय त्याचं. सासराच म्हणतोय म्हटल्यावर कोण चढंल पायरी? आन् माझी शबाना त्या घरात नांदतीया. माझं काय, माझी उमर झालीच हाय.’

म्हणजे एका वाक्यात सुटका होती आणि ते वाक्य हा माणूस गिळून बसला होता. मला राग आला, खरं सांगते, आणि त्याहून जास्त भरून आलं. इरफानला सांगू नको, अशी शपथ त्यांनी मला घातली. मी शपथ पाळली. एक शब्द सांगितला नाही.

फक्त पुढच्या आठवड्यात, चाचांची गाडी इरफानच्या दुकानात धुवायला आली होती तेव्हा, मी तिथं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, माहेरी जायचंय, याच गाडीनं सोड ना रे. नव्या टायरवर इरफाननं स्वतः ती गाडी आजवर भूगावच्या सिमेंटच्या रस्त्यावरच फिरवली होती; पिरंगुटला ती दुकानातल्या पोरानं पोचवली होती. घाट उतरेपर्यंत तो मला रिमांबद्दल सांगत होता. खाली मालट्रकांच्या चाकोरीत चाक शिरलं आणि त्याच्या हातातून स्टेअरिंग सटकन फिरलं. त्याचं बोलणं थांबलं. पुढे पुन्हा तेच. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि समोर बघतच विचारलं, ‘ताई, कल्पनाताईच्या लग्नात ही अशीच चालली?’

मी मान हलवली.

‘आणि अब्बा म्हणाले, हात म्हातारे झाले?’

मी पुन्हा मान हलवली. इरफाननं दोन्ही हात तोंडावर घेतले. रस्त्यावरून ट्रक जात होते, गाडी हलत होती, आणि तो तरणाताठा पोरगा हुंदके देत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

त्याच दिवशी तो दुसऱ्या दुकानात जुन्या मापाचे टायर घ्यायला गेला. मी सोबत होतेच, मला कोण घरी जा म्हणणार! दुकानदारानं पुन्हा रुंदच टायर पुढे केले. हल्ली बारीक कोण घालतं, गाडी गरीब दिसते, म्हणाला. इरफाननं ड्रायव्हरचं दार उघडलं, आतल्या बाजूला कंपनीनं चिकटवलेलं माप वाचून दाखवलं आणि तेच मागितलं. जरा अरुंद, उंच कडेचे, मऊ चालीचे, चारही एका जातीचे. इरफानच्या दुकानात पडून असलेल्या गाडीच्याच जुन्या लोखंडी रिमांवर ते चढवले, दारावर लिहिली होती तेवढीच हवा भरली, आणि पौड रस्त्यावर आलो. चाकोरी आली. गाडी जरा हलली आणि सरळ निघून गेली. इरफाननं तीन वेळा ती चाकोरी ओलांडून बघितली. चौथ्या वेळी मीच म्हटलं, बाबा रे, आता पुरे, माझ्या आतड्यांचं अलाइनमेंट गेलं.

मला वाटलं, संपलं. पण इरफाननं गाडी घराकडे नेली नाही. कासारसाईचा रस्ता धरला.

आबा अंगणात लोकर कातरणाऱ्या माणसांशी बोलत होते. दोन-चार शेजारी होते, कल्पना दारात येऊन उभी राहिली. इरफाननं चप्पल काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की गाडी ओढत होती ती टायरमुळे, टायर मी बसवले होते, दुकान माझं आहे, चूक माझी आहे. सासरे कधी प्यायलेले नाहीत. माझं दुकान बुडू नये म्हणून ते बोलले नाहीत.

आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग इतकंच विचारलं, ‘म्हाताऱ्यानं धाडलं का तुला?’ इरफान म्हणाला, त्यांना ठाऊकच नाही. आबांनी कल्पनाला चहा टाकायला सांगितला आणि स्वतः उठून गोठ्याकडे गेले. चहा आम्ही दोघांनीच घेतला. परतताना मला वाटलं, दगडावर पाणी.

चाचांना कळलं तेव्हा ते इरफानवर असे भडकले की भिंत ओलांडून आमच्याकडे आवाज. माझी अब्रू होती, मी कुठंही ठेवली असती, तू दुकान चव्हाट्यावर का नेलंस? इरफान खाली मान घालून ऐकत होता. शेवटी तो जे बोलला ते मी ओट्यावर उभी राहून ऐकलं.

‘अब्बा, माझ्या दुकानात लोक रिमा घ्यायला येतात. तुमच्या गाडीत लोक पोरी बसवतात.’

आतून ताटवाट्यांचा आवाज आला. जरा वेळानं चाची बाहेर आल्या, डोळे पुसत, आणि मला म्हणाल्या, आज जेवले.

इरफाननं दुकानातले रुंद टायर काढून टाकले नाहीत, धंदा तो धंदा. पण गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा, गाडी कुठल्या रस्त्यानं जाते? मुळशीकडे जात असेल तर म्हणायचा, आमचे सासरे म्हणतात, टायर गाडीकडं बघून घ्यावा, बघणाऱ्यांकडं बघून न्हाई. गिऱ्हाईकं कमी झाली नाहीत.

पुढच्या लग्नसराईत आबांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं, कासारसाईलाच. मुलीचं सासर पौडच्या पुढे. गाडीसाठी आबा स्वतः पिरंगुटला आले, गल्लीत उभे राहिले, आणि तारीख सांगून गेले. माफीचा शब्द नाही. चाचा म्हणाले, बोलावलं ना, बास झालं.

कल्पनाच्या नात्यानं मीही लग्नाला गेले होते. पाठवणीची वेळ झाली. मांडवात जावयाकडची सगळी माणसं उभी. मुलीच्या बापानं अशा वेळी लहान दिसायचं नसतं, खालच्या आवाजात दोन शब्द बोलून बाजूला व्हायचं असतं. आबांनी लेकीचा हात धरून तिला गाडीपर्यंत आणलं, दार उघडलं, आणि तिला बसवायच्या आधी मांडवाकडे वळले. मागल्या साली गरजले होते तेवढाच मोठा आवाज.

‘ह्या माणसाला मी चारचौघांत दारुड्या म्हणलो हुतो. खोटं हुतं ते. ह्यानं आपल्या जावयाच्या पायी सोसलं. माझी पोर मी ह्याच्याच गाडीत धाडतोय.’

सगळ्या माना गाडीकडे वळल्या. चाचा स्टेअरिंगजवळ उभे होते. त्यांनी उघड्या दाराकडे हात केला.

‘आबा,’ ते म्हणाले, ‘पोरीला बसवा. ऊन लागतंय तिला.’

आबांनी लेकीला बसवलं. गाडी निघाली, हळू, अगदी सरळ. मी तोंडात पदर धरून ढसाढसा रडत होते. आजूबाजूच्या बायका माझी समजूत घालायला लागल्या, पोरी काय, सासरी जायच्याच.