अंड्यांच्या ट्रेतली अंगाई

आत्याच्या घशाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, पण आवाज राहीलच असं नाही. आई लवकर गेल्यामुळे मला वाढवलं ते आत्यानंच. तिच्या सहा तंजावरी अंगाया घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. त्या टेप करून ठेवायच्याच, असं मी ठरवलं.

आम्ही मद्रासला नुंगंबाक्कममध्ये भाड्यानं राहत होतो. दाराशी बसथांबा, गच्चीवर कावळे. ऑफिसातला एक जण म्हणाला, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतींना लावले की बाहेरचा आवाज मरतो. एग्मोरच्या एका हॉटेलातून मी पोतंभर ट्रे मागून आणले आणि मैद्याच्या खळीनं कोठीच्या खोलीत छतापर्यंत चिकटवले. टेपरेकॉर्डर जुना होता. मांडववाल्याकडून उसना आणलेला माईक कपडे वाळवायच्या काठीला टांगला, दाराला गोधडी लावली. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आत्यानं आधी सगळ्या ट्रेंवर तुळशीचं पाणी शिंपडलं. मग चटईवर बसून तिनं विचारलं, "बाळ कुठें आहे?"

"कसलं बाळ?"

"बाळ नसतां अंगाई म्हणूं नये रे. अपशकुन असतो."

मी उशी दुपट्यात गुंडाळून ठेवली. "उशीला झोंप येत्ये कां?" म्हणाली. शेवटी मीच गुडघे पोटाशी घेऊन आडवा झालो. "ऐयो, मिशा फुटल्या तुला!" शेजारणीचं तान्हं आणलं, तर ट्रे पाहून त्यानं असा टाहो फोडला की परत द्यावं लागलं. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

शनिवारी दुपारी घरमालक तणतणत आला. घर फक्त शाकाहारी माणसांना दिलेलं, आणि पोतं कुणीतरी पाहिलं होतं. "माझ्या घरात मुट्टै?" तो ओरडला. मुट्टै म्हणजे अंडं.

"एकही नाही, सार. हवं तर मोजा," म्हणत मी त्याला आत घेतलं. तो एकेका खळग्यात बोट घालून तपासू लागला. त्याच्या घरी सहा मुलं आणि शिवणाची दोन मशिनं. दुसऱ्या भिंतीशी पोचेपर्यंत त्याचा आवाज खाली आला. "किती शांत आहे हो इथं," म्हणाला, चटईवर टेकला, आणि दोन मिनिटांत गाढ झोपला.

आत्यानं वाकून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या अंगावर पंचा टाकला.

"शरि, चालेल," म्हणाली, "लाव तुझें यंत्र."

सहाही अंगाया तिनं एका दमात म्हटल्या. मालकानं पहिल्यापासून शेवटपर्यंत घोरून साथ दिली. मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो. सोमवारची भीती इतकी वाटत होती की पुढचं काही दिसत नव्हतं.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. घरी आल्यावर मी तिला टेप ऐकवली आणि घोरण्याबद्दल माफी मागितली. तिनं हातानंच गप्प केलं. घोरणं सुरू झालं तशी ती समाधानानं हसली. शेवटच्या अंगाईपाशी मात्र तिनं टेप थांबवायला लावली, पाटी ओढली आणि लिहिलं, "तो झोंपला. हें रडत्यें कोण?"

मी म्हटलं, "माईक जुना आहे, आत्या."

तिनं पाटी पुसली आणि माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.